आमच्याकडे खग्रास नव्हतं

वहिनीला सूर्याकडे पाहायला मी सांगितलं होतं. हे वाक्य आजवर कुणाजवळ बोललो नाही, बायकोजवळही नाही.

सन ऐंशीचा फेब्रुवारी. मी नुकताच जवाहरनगरच्या कारखान्यात लागलो होतो आणि ग्रहणासाठी सुट्टी टाकून एकोडीला घरी आलो होतो. पेपरात वाचलं होतं की ग्रहण खग्रास आहे आणि सूर्य पुरता झाकला की नुसत्या डोळ्यांनी पाहता येतो. पुढचं मी वाचलंच नाही. खग्रास म्हणजे सगळीकडे खग्रास, असं धरून चाललो.

दुपारी वहिनीने अंगणात परात ठेवली, तिच्यात हळदीचं पाणी ओतलं आणि मधोमध मुसळ उभं केलं. ग्रहण असेपर्यंत ते उभं राहतं, सुटलं की पडतं, अशी आमच्याकडची समजूत. मग आईने तिला घरात घेतलं. दादा आत झोपला होता, थोड्या वेळाने आईचाही डोळा लागला. उन्हाचा रंग हळूहळू राखेसारखा झाला. कोंबड्या खुराड्याकडे निघाल्या.

वहिनी उंबऱ्याशी येऊन हळूच म्हणाली, "भाऊजी, तुमी त शिकले-सवरले. पायलं त चालते का?"

"पाहा न बिनधास्त. खग्रास हाय, काई होत नाई."

"अन् बाईनं पायलं त?" आईला ती बाई म्हणे.

"बाई झोपली हाय आत. या न, भेता कायले?"

ती हसत बाहेर आली आणि मान वर करून पाहत राहिली, बराच वेळ. मी मात्र परातीतल्या पाण्यात पाहत होतो. वर पाहायची माझी हिंमत झाली नव्हती.

संध्याकाळी तिला नजरेच्या मधोमध काळा डाग दिसू लागला. जिकडे पाहावं तिथेच तो. दुसऱ्या दिवशीही तो गेला नाही. आई कपाळाला हात लावून बसली. "सांगतलं होतं न तुले, भायेर पाय ठेवू नोको म्हनून? राहूनं डोरा धरला आता! कोनं सांगतलं होतं जायले?"

वहिनीने माझ्याकडे तोंड केलं. खरं म्हणजे माझ्या जरा बाजूला केलं, कारण समोर पाहिलं की मी तिला दिसत नव्हतो.

"कोनी नाई. मीच गेली."

डॉक्टरने डोळ्याचा पडदा भाजला म्हणून सांगितलं. दादाला ते पटलं, आईला नाही. वहिनी तांदूळ निवडायला बसली की मान वाकडी करून बसे आणि आई म्हणे, "तोंड तिकडं अन् हात इकडं! ग्रहनाची हौस होती न बाईले!" शेजारणी हसत. सुट्टीला घरी आलो की मी तिथेच जेवत असे.

काही वर्षांनी कारखान्याच्या वसाहतीतल्या वाचनालयात एक पुस्तक हाती आलं. चंद्राची सावली पृथ्वीवर पोचेपर्यंत निमुळती होते, तिचा नुसता अरुंद पट्टा जमिनीवरून सरकतो, आणि त्या पट्ट्यातच सूर्य पूर्ण झाकतो. त्या दिवशी पट्टा आमच्या बराच दक्षिणेकडून गेला होता. एकोडीवर कोरभर सूर्य उघडा होता, आणि तेवढी कोर डोळा जाळायला पुरते. उजेड मंद झालेला, म्हणून पापणीही मिटत नाही.

त्याच पुस्तकात होतं की ग्रहणं फेऱ्याने येतात. अठरा वर्षं आणि वर अकराएक दिवसांनी सूर्य, चंद्र, पृथ्वी पुन्हा जवळजवळ तशीच येतात, तेच ग्रहण परत लागतं. पण वर आठेक तास उरतात, तेवढ्यात पृथ्वी एक तृतीयांश फिरते आणि सावली दुसऱ्याच मुलखावर पडते. तीन फेरे झाले की ती आपल्या बाजूला येते. चोपन्न वर्षं. तोवर वहिनी आणि मी असू की नाही, हा हिशेब मी तिथेच बसून केला. पुस्तक परत केलं आणि घरी काही बोललो नाही.

आई गेली. जाईपर्यंत तिने वहिनीला दोष दिला. वहिनी आहे, दादा आहे, शेजारणीही आहेत. त्यांच्यासमोर उभं राहून, मी सांगितलं म्हणून वहिनीने पाहिलं, एवढं बोलणं मी तिचं देणं लागतो.