ओतिलिया जेवत नाही

आमच्या बेटावर ओतिलियाइतकी कामसू बाई दुसरी नाही, आणि तिच्याइतका डूख धरणारीही नाही. मी सेल्मिरा, तिची नणंद. तिचा नवरा देल्फिन माझा सख्खा भाऊ, त्यामुळे तिला चार शब्द चांगले म्हणायचा हक्क मला आहे आणि वाईट म्हणायचाही.

चर्चच्या मागे सगळ्या गावाची मिळून सफरचंदांची बाग आहे. एप्रिलात फळ उतरवायला झाडून सगळे जमतात. पुरुष लांब काठ्यांनी फांद्या झोडपतात, बायका टोपल्या भरतात. मग लाकडी डोणीत फळ ठेचायचं, रस पिळायचा आणि त्याची चिचा, म्हणजे सफरचंदाची दारू, पिंपांत मुरत ठेवायची, ती संताच्या जत्रेत प्यायची. असं सगळ्यांनी मिळून करायचं काम म्हणजे मिंगा. मजुरी कुणी देत नाही, कुणी मागत नाही. बोलावणारा घरोघरी जाऊन विनवतो आणि आलेल्यांना पोटभर जेवू घालतो, की तो मोकळा. पण कामाला आलेलं माणूस न जेवता गेलं, तर ते ओझं बोलावणाऱ्याच्या मानेवर राहतं. आई म्हणायची, उपाशी गेलेला कामकरी उंबऱ्यावर बसून राहतो, दिसत नाही एवढंच.

ओतिलिया बारा वर्षं जेवलेली नाही. घरी जेवते, चांगली दोन वेळा. कुणाच्या मिंगात नाही.

याचं मूळ एवारिस्तो. गावच्या बागेचा म्होरक्या तो, चर्चची किल्ली त्याच्याकडे, घंटाही त्याच्याच हातात. माणूस वाईट नाही, पण पोटात दुखणं वाईट. जत्रेत लोक बागेची चिचा एक घोट चाखायचे आणि देल्फिनच्या घरच्या सफरचंदांच्या पिंपाशी जाऊन गर्दी करायचे. एवारिस्तो हसून बघायचा. ते हसणं मला तेव्हाही आवडलं नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी जानेवारीत देल्फिनची होडी उलटली. एप्रिलात ओतिलियानं काळी शाल पांघरून स्वतः दारोदार जाऊन विनवणी केली, शनिवारी माझी सफरचंदं उतरवायला या. विधवेचं पहिलं बोलावणं. सगळ्यांनी हो म्हटलं. तिनं दोन मेंढ्या कापल्या, ढीगभर बटाटे किसून त्यांच्या भाकऱ्या, मिल्काओ, थापले. गावच्या बागेचं काम दरवर्षी ईस्टरनंतर आठवड्यानं असायचं. पण गुरुवारी एवारिस्तोनं घंटा वाजवली आणि सांगितलं, यंदा बाग शनिवारीच उतरवायची, आधी देवाचं काम.

सगळे बागेत गेले. मीही गेले. संताला नाही कसं म्हणायचं, असं मनाला सांगितलं. खरं सांगायचं तर एवारिस्तोशी वाकडं घ्यायची माझी छाती नव्हती. बागेतून तिच्या चुलीचा धूर दिसत होता. दुपारी आम्ही एवारिस्तोचं मटण खाल्लं आणि त्या धुराबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. तिचं फळ झाडाखाली सडलं. महिनाभर दक्षिणेचा वारा सुटला की घराघरात तो आंबूस वास यायचा.

आम्हाला वाटलं, ती येऊन शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडण झालं की मिटतंही. ती तोंडातून ब्र काढेना. पुढच्या एप्रिलात बागेत सगळ्यांच्या आधी हजर. दोन बायकांचं काम एकटीनं केलं. ताटं मांडली तशी हात धुतले आणि घराकडे चालायला लागली. एवारिस्तो मागे धावला. ती म्हणाली, भूक नाही.

मग हे सगळीकडे सुरू झालं. कुणाचे बटाटे काढायचे असोत, कुणाचं अख्खं लाकडी घर बैल जुंपून दुसऱ्या जागी ओढायचं असो, ओतिलिया येणार, मरमर राबणार आणि अन्नाला न शिवता जाणार. तिला वगळावं तर विधवेला टाळलं म्हणून तोंड काळं. बोलवावं तर ती जाताना तिची पाठ बघायची. एवारिस्तोनं तिच्या घरी बांधून पाठवलेलं जेवण सकाळी त्याच्याच फाटकावर लटकलेलं असायचं, गाठसुद्धा न सोडलेलं. त्याची गाय मेली, पोरगा मुलुखाबाहेर गेला तो पत्र लिहीना, आणि प्रत्येक वेळी तो तिच्या घराकडे बघायचा. मला याचा आनंद व्हायचा. माझ्या भावाच्या बायकोनं त्याची चांगली जिरवली होती.

यंदा एवारिस्तोच्या छातीनं दगा दिला. कास्त्रो शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं, जूनपासूनचा हिवाळा निघाला तर नशीब. त्याला किल्ली दुसऱ्याकडे सोपवायची होती आणि मोकळं होऊन मरायचं होतं. बाग उतरवण्याच्या आदल्या दिवशी तो धापा टाकत माझ्याकडे आला.

"सेल्मिरा, तू सांग तिला. एक घास खाऊ दे. मग मला खुशाल शिव्या घालू दे."

मी सांगितलं. ओतिलिया टोपलीचा कान विणत होती. मान वर न करता म्हणाली, "वाढू दे त्याला. सगळ्यांसमोर वाढू दे."

मला वाटलं, विरघळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी एवारिस्तो स्वतः ताट घेऊन झाडाखाली तिच्यापाशी गेला. रस्सा अंगठ्यावरून ओघळत होता. सगळे खायचे थांबले.

"कसलं जेवण हे, एवारिस्तोभाऊ?" तिनं विचारलं.

"मिंगाचं, बाई."

"कुठल्या मिंगाचं?"

तो समजला.

"तुमचा शनिवार मला ठाऊक होता," तो म्हणाला. "म्हणूनच मी तो धरला. देल्फिन गेला, तरी लोक तुमच्याच पिंपाशी गर्दी करतील, हे मला बघवलं नसतं. देवाचं काम वगैरे काही नव्हतं."

बारा वर्षं जे सगळ्यांना माहीत होतं, ते पहिल्यांदा कुणीतरी तोंडानं बोललं. ओतिलियानं ताट हातात घेतलं. म्हातारा रडायला लागला. माझाही जीव भांड्यात पडला, आणि आता वहिनी जेवेल म्हणून मी तिला बसायला जागा केली.

ती ताट घेऊन माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"वन्सं," ती म्हणाली, "घंटा यांनी वाजवली. तुमच्या पायांना काय झालं होतं?"

मी इकडेतिकडे बघितलं. सगळे आपापल्या ताटात बघत होते.

"मी त्यांच्यासाठी उपाशी जात होते असं वाटलं होय तुम्हाला? ते मला परके. माझ्या दारात तुम्ही यायला हव्या होतात, तुम्ही एकट्या आल्या असतात तरी मला पुरलं असतं."

तिनं ताट माझ्या मांडीवर ठेवलं. हात धुतले, डोक्याचा रुमाल घट्ट बांधला आणि निघून गेली. एवारिस्तोला कुणीतरी धरून बाकावर बसवलं. अन्न टाकणं पाप, म्हणून मी ते खाल्लं, सगळ्यांच्या देखत, शेवटच्या घासापर्यंत.

पुढच्या आठवड्यात माझे बटाटे काढायचे आहेत. काल मी तिच्या दारात बोलावायला गेले. ती म्हणाली, येते की, सगळ्यांच्या आधी येते.