माझी जाऊ घाबरते छान

माझी धाकटी जाऊ घाबरते छान, असं आमच्या ऑफिसात जो तो म्हणतो. जणू गळाच गोड आहे तिचा! आधीच सांगून टाकते, मला तिचा हेवा वाटतो. उगाच गोड बोलायची मला सवय नाही.

आमचं काम ऐकलं की लोक हसतात. आमची कंपनी भीतीचे व्हिडिओ गेम बनवते. ते विकायला जाण्याआधी आम्ही खेळतो आणि त्यातल्या एकेका भीतीला दहापैकी मार्क देतो. कानाच्या पाळीला चिमटा लावतात, तो नाडी मोजतो. मग आमचे मार्क आणि नाडीचा आलेख शेजारी ठेवून बघतात, बाई खरं बोलली का ते. आलेख वाचणाऱ्या गृहस्थांना सगळे वैद्यबुवा म्हणतात. एक नियम मात्र कडक आहे. खेळताना हेडफोन काढायचा नाही. काढला तर तो सगळा खेळ बाद.

आठ वर्षं झाली मला इथे. दारामागून कुणी किंचाळत अंगावर आलं तर ती भीती नव्हे, नुसतं दचकवणं झालं. कुकरची शिट्टीपण दचकवते! त्याला मी दोनच्या वर मार्क देत नाही. खरी भीती म्हणजे आपल्याच घरात शिरावं, सगळं जागच्या जागी असावं आणि तरी काहीतरी बदललंय असं वाटत राहावं. हे मला कळतं. पण कळायला लागलं आणि माझं घाबरणंच गेलं. आवाज जरा बारीक झाला की मी ओळखते, आता येणार. आणि येतंच मेलं. माझा आलेख आपला सरळ रेघ.

गेल्या वर्षी धाकट्या दिरांची नोकरी सुटली, तेव्हा धाकटीला मीच इथे चिकटवली. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतला, दुसरं काय. घरात ही बाई कशालाच भीत नाही. पाल दिसली की चप्पल घेऊन धावते. सासूबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी आम्ही सगळे रडवेले झालो होतो आणि ही डॉक्टरांना उलटे प्रश्न विचारत होती. पण खेळायला बसली की पडद्यावरच्या बाईला म्हणते, "अगं, नको जाऊस तिकडे, ऐक माझं!" हातातलं यंत्र टाकून डोळे झाकते. तिला ते सगळं खरंच वाटतं. साहेब तिच्या मागे उभे राहून कौतुकाने बघतात, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. माझ्यामागे कोण कशाला उभं राहील?

त्यातच साहेबांनी सांगितलं, हा गेम झाला की दोन खुर्च्या ठेवणं परवडणार नाही. दोघींपैकी एकीलाच ठेवणार.

गेम होता एका बाईचा. ती रोज कामावरून घरी येते आणि घरातलं एकेक माणूस तिला ओळखेनासं होतं. सकाळी आम्ही दोघी खेळायला बसलो, मध्ये प्लायवूडची फळी. खोटं कशाला बोलू, गेम चांगला होता. नवरा तिला "कोण हवंय?" म्हणतो त्याला मी सात दिले. मग एक लांबलचक रिकामा बोळ आला. त्यात काहीच घडत नाही. तो काढून टाकायचं आधीच ठरत आलं होतं. मी बोळात शिरले आणि फळीपलीकडून धाकटीची किंकाळी आली. पाठोपाठ साहेबांचा आवाज.

माझा हात आपोआप वर गेला. हेडफोन एका कानावरून सरकवला आणि मी ऐकत राहिले.

"आठ वर्षांत असं माणूस मिळालं नव्हतं आम्हाला," साहेब म्हणत होते.

आठ वर्षं! म्हणजे मी काय इतकी वर्षं इथे माशा मारत होते? छातीत नुसतं धडधडत होतं. पडद्यावरची बाई बोळात तशीच उभी, आणि मीही खुर्चीत तशीच. चार मिनिटं गेली. मग साहेब गेले आणि मी हेडफोन नीट करून पुढे खेळले.

दुपारी साहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं. वैद्यबुवांनी आलेख टेबलावर पसरला. माझी रेघ सपाट चालली होती आणि मध्येच उंच चढली होती.

"अकरा बेचाळीस, रिकामा बोळ," वैद्यबुवा म्हणाले. "नाडी एकशे अठरा. चार मिनिटं पाऊल पुढे नाही. मार्कसुद्धा लिहायचे राहिलेत."

साहेब खूश. "ज्या बाईची नाडी कधी हलली नाही, ती या बोळात गारठली! आणि आपण हा काढून टाकणार होतो. घाबरणारी माणसं ढीगभर मिळतील, अशी पारख कुठे मिळायची?" मग एकदम थांबले आणि धाकटीकडे वळले. "तुम्ही शेजारीच होतात. यांनी हेडफोन काढला होता का?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. साहेबांचं लक्ष तेव्हा तिच्या पडद्यावर होतं, पण फळी बुटकी आहे, तिला माझं डोकं दिसतं. एका शब्दाचं काम होतं आणि खुर्ची तिची झाली असती.

धाकटीने आलेखावरची वेळ वाचली. मग माझ्याकडे बघितलं.

"नाही साहेब. मी त्या बोळातून पळत सुटले होते. ताईच थांबल्या."

"झालं तर मग!" साहेब म्हणाले. पुढे काही विचारलंच नाही. बोळ राहिला, आणि खुर्ची मला मिळाली.

ऑफिस सुटल्यावर जिन्यात मी तिला गाठलं. "का गं खोटं बोललीस?"

"अकरा बेचाळीसला साहेब माझ्यापाशी होते ना, ताई." ती पिशवीत छत्री कोंबत होती. "तुमच्या जिवाला इतकं लागतं हे मला ठाऊकच नव्हतं. घ्या तुम्ही खुर्ची. मला मिळेल कुठेतरी."

तिच्या बोलण्यात टोमणा असेल म्हणून मी शोधला. सापडला असता तर बरं वाटलं असतं. आता आभार तरी मानावेत म्हणून मी तोंड उघडलं.

"तुझ्या एका शब्दावर साहेबांचा विश्वास कसा गं बसला?" मी म्हणाले. "माझ्यावर तर कधी बसत नाही."