चिमूटभर मुरूम

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. भावाला नाही, देवाला नाही — देवाला सांगावं म्हणून देवळात गेलो, तर तिथंही दुसरंच काही मागून आलो. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. समोर बसला आहात असं धरून चालतो. शाळा चौथीपर्यंतची, लिहिण्यात वाकडं निघालं तर वाकडंच वाचा.

माझी बायको देवका. ती गेली, त्यावर एक पाऊसकाळ उलटला. घरात एकटा आहे आणि मला भीती वाटते. कशाची? चोराची नाही. मरणाचीही नाही — मेल्यावर तिकडं ती भेटेल, याची वाटते.

आधी परातीचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

देवकाचं माहेर बपेऱ्याकडचं. तिची माय मँगनीजच्या खाणीवर टोपली वाहायची. तिथल्या बायांची एक रीत होती. नवी झोपडी कुठं टाकायची ते त्या हवा पाहून ठरवायच्या, आणि हवा पाहायच्या परातीत. संध्याकाळी परात लख्ख घासायची, अंगणात उंचावर ठेवायची, तळ झाकेल एवढंच पाणी घालायचं. सकाळी उन्हं यायच्या आत पाहायचं. "खाली बसते ते माती, वर तरंगते तो धूर," देवका म्हणायची. "मातीसंग माणूस जगते. धुरासंग नाही." तरंगणारं बोटाला चिकटलं आणि पदराला पुसल्यावर डाग पसरला, तर त्या जागेत पाय ठेवायचा नाही. घरमालक खोटं बोलतो, शेजारी बोलतो, पाणी बोलत नाही — हे तिच्या मायचं म्हणणं.

आंदणात आलेली पितळेची परात होती तिची. लग्नानंतर आम्ही लाखनीला आलो तेव्हा पहिली खोली तिनं त्या परातीनंच निवडली. मी हसलो होतो. पुढं मुलगी झाली, मंदी, आणि माझं हसणं थांबलं. मंदी आमची एकुलती, जन्मापासून छातीची कच्ची. चुलीजवळ बसली तरी धाप लागायची. पोट आत ओढून श्वास घ्यायची, फ्रॉकवरून बरगड्या दिसायच्या. म्हणून आमच्या घरात छप्पर, भाडं, विहीर हे सगळं मागून. आधी हवा.

मी तांदळाच्या मिलमध्ये हमाल होतो. आणीबाणी येऊन गेली, त्यानंतरची गोष्ट. मिलमध्ये उकडा तांदूळ निघायचा. त्यासाठी धान वाफवायचं, आणि वाफेसाठी भट्टीत धानाचाच भुसा जाळायचा. भट्टीवरचा माणूस म्हातारा होऊन गावी गेला आणि सेठनं ती जागा मला देऊ केली. अट एकच — मिलच्या भिंतीला लागून खोली आहे, तिथं राहायचं. वाफ उतरली तर हाक पोचली पाहिजे.

पोटासाठी केलं असं समजू नका. हमालीत पोट भरत होतं. पण हमालाला सगळे 'अबे' म्हणतात आणि भट्टीवाल्याला 'मिस्त्री'. एवढंच होतं. लिहिताना हात जड होतो, पण एवढंच होतं.

माझा जोडीदार गोमा, तोंडाचा फाटका. त्याला मी बोलून गेलो की बायको आधी परात ठेवणार, मग काय ते ठरणार. झालं! पोती टाकता टाकता त्यानं सगळ्या मिलला ऐकवलं, "ऐका रे! सेठनं सदाभाऊले भट्टी देल्ली, पण वरून परातीचा हुकूम यायचा हाय!" मग धान वाळवणाऱ्या बायाही विचारू लागल्या, "काय म्हणते जी परात?" गोमा म्हणाला, "सदाभाऊ, पुढचं पोरगं होऊ द्याचं का नाही, थे बी परातीलेच इचारजो!" मीही हसलो. हसत हसत आतून जळलो.

भादवा संपत आला होता. पावसानं अंगण, छप्पर, कडुलिंबाची पानं, सगळं धुऊन काढलेलं. मिल अर्धीच चालायची, जुनं धान सरत आलेलं. भट्टी आळीपाळीनं कोणी ना कोणी पेटती ठेवायचं. देवका मंदीला घेऊन त्या रिकाम्या खोलीत एका मुक्कामाला आली. अंगणात विटा रचल्या, वर परात ठेवली, पाणी ओतलं आणि परातीला हात जोडले. त्या रात्री पाऊस आला असता तर? परात वाया गेली असती, पुन्हा कधीतरी ठेवली असती, आणि मी हे केलं असतं की नसतं, कोणास ठाऊक. पाऊस आला नाही.

पहाटे मी तिच्या आधी उठलो. आता इथून पुढं टाळता येणार नाही.

परात पाहिली. पाण्यावर काळं तरंगत होतं. फार नाही — दुधावर साय धरते तसं, पातळ, मधे फाटलेलं. मी बोट बुडवलं. चिकटलं.

मी परात उचलली. पाणी कडुलिंबाच्या बुडाशी ओतलं. आतून धोतराच्या सोग्यानं पुसली, बादलीतलं नवं पाणी घातलं. पण कोरं पाणी देवकानं ओळखलं असतं. उघड्या अंगणात रात्रभर ठेवलेलं पाणी कोरं राहत नाही. म्हणून मी सडकेपर्यंत गेलो. कडेचा चिमूटभर मुरूम आणला, बोटांत बारीक चुरला आणि पाण्यावर भुरभुरला. तो हळूहळू खाली बसला. मी उभा राहून त्याला बसू दिला. मग जाऊन देवकाच्या शेजारी पडलो, डोळे मिटून.

हे रागाच्या भरात झालं नाही, हे लक्षात ठेवा. सडकेपर्यंत जायला वेळ होता. परत यायलाही होता.

देवका उठली. बोट बुडवलं, पदराला पुसलं, उजेडाकडं धरलं. "मातीच हाय अजी," म्हणाली. "राहू." तिचा चेहरा इतका मोकळा झाला — मला आजही तो डोळ्यांसमोर नको वाटतो. तिनं मंदीला कडेवर घेतलं आणि परातीत वाकवून दाखवलं, "पाय, मंदे, तुहं तोंड!"

मी मिस्त्री झालो. दिवाळी झाली, नवं धान आलं, भट्टी पोटभर जळू लागली. मी भुसा ढकलायचो; तो वर जायचा आणि काळा होऊन माझ्याच अंगणात उतरायचा. भातावर, अंथरुणावर, मंदीच्या केसांत. देवका झाडून झाडून दमायची. एकदा झाडू तसाच हातात धरून म्हणाली, "त्या दिशी कसं काहीच नोहतं, अजी?"

मी म्हणालो, "वारा फिरला असन."

हे दुसरं खोटं. पहिल्याहून वाईट. काहून? पहिल्यात मी तिला फसवलं; दुसऱ्यात चूक उचलून तिच्या डोक्यावर ठेवली. तिला वाटलं, एका रात्रीवर भरवसा ठेवायला नको होता, वारा पाहायला हवा होता, मायची रीत आपणच अर्धी पाळली. ती म्हणू लागली, दुसरीकडं जाऊ. मी म्हणत राहिलो, होळीपर्यंत थांब, सीझन उतरू दे. दवाखान्यातल्या डॉक्टरनंही हवा बदला म्हणून सांगितलं. मी मान हलवली आणि कामावर गेलो. खरं सांगितलं असतं तर ती एक घडी थांबली नसती. पोरीला घेऊन, मला टाकून बपेऱ्याला गेली असती. मला तेच भ्या होतं. पोरीचा श्वास रोज कानावर पडत होता, आणि भ्या कशाचं — तर बायको जाईल याचं.

मंदी होळीपर्यंत थांबली नाही. माघात गेली. दवाखान्यात नेताना तिचे ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे झाले होते. सडकेवरून मी एकदाच मागं वळून पाहिलं. माझ्या जागेवर गोमा होता. धुराडं चालू होतं.

ती खोली आम्ही सोडली, भट्टीही सोडली. मी पुन्हा पोती उचलू लागलो. देवकानं परात घासली आणि फळीवर पालथी ठेवली. तिच्यात पुन्हा कधी पीठ भिजलं नाही. ओळखीतल्या बाया यायच्या, म्हणायच्या, "देवकाबाई, नवी खोली जराशी पाहून द्या न जी." ती म्हणायची, "माही परात चुकते, बाई." मी दारात विडी ओढत बसलेला असायचो. ऐकायचो. एकदा नाही — कितीदा.

तुम्हाला वाटेल, त्या वर्षांत मी दुःखात असेन. होतो. पण दुःखापेक्षा भीती मोठी होती. ती ताट घासताना हात थांबवून पाण्याकडं पाहायची, आणि मी काही निमित्त काढून बाहेर जायचो. झोपेत मी काही बडबडतो का, हे तिला विचारायचीही छाती झाली नाही.

आणि मग भोपाळचं झालं. शेजाऱ्याच्या रेडिओवर लागलं होतं — हवेनं माणसं मेली, अंथरुणातल्या अंथरुणात. देवका ऐकून आली. मला जेवायला वाढलं आणि चुलीपाशी बसून राहिली. "त्या लोकायनं काय पाहून घरं घेतली असन?" एवढं म्हणाली. चुलीतलं लाकूड आत सारलं. मग —

"अजी, त्या परातीतली माती लाल होती."

घास माझ्या तोंडात. मी चावतच राहिलो.

"आंगणात तं काळी माती होती," ती म्हणाली. "लाल कुठून आली असन?"

वाटलं, आता. आता ही वळून माझ्याकडं पाहील, आणि तोंडावरच तिला सगळं दिसेल. मी म्हणालो, "सडकेवरची उडाली असन. ट्रक जातेत न."

ती विस्तवाकडं पाहत होती. "हो," म्हणाली. "ट्रक जातेत." उठली आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

तिला कळलं होतं का? कळून तिनं भात वाढला, की न कळून? तिनं पुन्हा कधी तो विषय काढला नाही, आणि मी काढू दिला नाही. त्यानंतरची सगळी वर्षं मी तिच्या हातचा प्रत्येक घास हे मनात धरून गिळला. आता विचारायला ती नाही.

शेवटी शेवटी तिचीही छाती वाजायची. उशाशी मी एकटाच होतो. म्हणाली, "मंदीले मीच मारलं, अजी. माह्या परातीनं."

मी म्हणालो, "तू नाही."

उभ्या संसारात तिच्याशी यावर एवढं एकच खरं बोललो. आणि तेही तिला खरं वाटलं नाही. "काहून समजूत काढता?" म्हणाली, आणि माझाच हात थोपटला. पुढचं वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. मी पाणी बदललं. बस, एवढंच म्हणायचं होतं. उठायचं बळ नसलेली ती बाई, माझं काय करणार होती? तरी मी भ्यालो. तोंड मिटून बसलो, आणि ती गेली.

परात अजून फळीवर आहे, पालथी. तिच्याखालून जाताना मी मान खाली घालतो.

वारा फिरला नव्हता. गोमानं मला सडकेवर धाडलं नव्हतं, सेठनंही नाही. देवकाची परात चुकली नव्हती.

पाणी काळं होतं.