दुधाच्या गाडीमागे

वाशीमच्या ज्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी फोन सांभाळते, तिथं पावसाळ्याची तयारी मे महिन्याच्या उन्हातच सुरू होते. गोदामासमोर ताडपत्र्या पसरतात, कुणीतरी त्यांच्याखाली शिरून कुठल्या छिद्रातून ऊन दिसतं ते बघतं, कुजलेले दोर बदलतात, टायर तपासतात. मालक शेठजी स्वतः उन्हात उभे असतात. भिजलेला माल दुकानदार परत पाठवतो आणि वर चार शिव्या हासडतो. त्या फोनवर मलाच ऐकाव्या लागतात. त्यामुळे ताडपत्रीच्या बाबतीत मी शेठजींपेक्षा कडक आहे.

माझा लहाना भाऊ याच ऑफिसची पिकअप चालवायचा. मालेगावच्या पुढं, मेडशीच्या बाजूच्या खेड्यांतल्या किराणा दुकानांना माल पोचवायचा. मीच त्याला इथं चिकटवलं होतं. तोंडानं फटकळ, पण गाडी लेकरासारखी जपणारा. माझ्या टेबलावरचा चहा उचलून पिणं हा तो आपला जन्मसिद्ध हक्क समजायचा.

पाऊस आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. आठवडाभर कोरडं जातं, लोक सोयाबीनकडं बघून हळहळतात, आणि मग एखाद्या दुपारी आभाळ असं ओततं की बुटके पूल दिसेनासे होतात. अशाच एका वर्षी आमच्या बऱ्याच गाड्या अडकल्या, तेव्हा ज्या कंपनीचा माल आम्ही वाटतो तिनं एक तरुण साहेब पाठवला. अतिवृष्टीत मालवाहतूक कशी चालू ठेवायची, याचं प्रशिक्षण होतं. साहेबानं भिंतीवर नकाशे दाखवले, मोबाइलवर पिवळा, नारंगी, लाल इशारा कसा वाचायचा ते सांगितलं. ड्रायव्हर मंडळी जांभया देत होती. मग त्यानं विचारलं, "रस्ता चालू आहे की बंद, हे तुम्ही आज कसं ठरवता?"

सगळे एका सुरात म्हणाले, "दूध गेलं की गाडी सोडतो."

साहेबाला कळेना. तेव्हा माझा भाऊ उभा राहिला. "सायेब, दुधाची गाडी कोणासाठी थांबत नाई. दूध नासते. सकाळी खेड्यातून दूध घेऊन येते, दुपारी तिकडच्या ढोरांसाठी ढेपेचे पोते घेऊन वापस जाते. रोजचा रस्ता, रोजचा डायवर. ते ज्या पुलावरून गेली, त्या पुलावरून आमी जातो. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा."

टाळ्या पडल्या. साहेब तर खूशच झाला. याला म्हणतात स्थानिक शहाणपण, असं म्हणून त्यानं ते फळ्यावर लिहिलं आणि आमच्या योजनेत पक्कं केलं. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. आठवडाभर भाऊ कॉलर ताठ करून फिरला.

"ताई, तुह्या भावाचं वाक्य कंपनीत गेलं."

"वाक्य गेलं," मी म्हटलं, "तू इथंच राह्यला."

तो पुढच्या पावसाळ्यात गेला. त्या दिवशी वाशीमला चक्क ऊन होतं. मोबाइलवर पिवळा इशारा आला होता. तो रोजच येत होता, आणि रोज येणाऱ्या गोष्टीला कोण भीक घालतं. वरच्या अंगाला कुठंतरी ढग फुटला होता, ते आम्हाला संध्याकाळी कळलं. दुपारी भावाचा फोन आला. फाट्यावरून आत वळलो, नाल्याला पाणी आहे, म्हणाला.

"किती आहे?"

"पुलावर आलं आहे, पण दुधाची गाडी पुढंच आहे माह्या. थे पाह्य, चालली. गेली बी. मी निघतो, ताई."

दुधाची गाडी पलीकडं पोचली, हे खरं आहे. ढेपेच्या पोत्यांनी ती जमिनीला दाबून धरली होती. भावाच्या गाडीत लेकरांच्या खाऊचे फुगलेले पुडे होते. हौदा शिगोशीग भरलेला, पण वजन म्हणाल तर नुसती हवा. पुलाच्या मधोमध मागची चाकं उचलली गेली, गाडी आडवी झाली आणि कठडा नसलेल्या बाजूनं खाली गेली. पलीकडं उभ्या असलेल्या लोकांनी पाहिलं. आमच्या योजनेत दोर होते, साखळी होती, पुलांची नावं होती. कुठल्या गाडीत किती वजन आहे, हे कुणीच विचारलं नव्हतं. पुढच्यास ठेच म्हणे! पुढच्याला ठेच लागलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सापडला. गाडी त्याच्याही पुढं, नाल्याच्या खालच्या अंगाला, बाभळीला अटकलेली होती. ताडपत्री इतकी घट्ट बांधलेली होती की निम्मा माल कोरडा निघाला. कंपनीतून कुणाचा तरी फोन आला आणि त्यानं आधी मालाचं विचारलं. मी फोन आपटला. तो फुटला, शेठजींनी दुसरा आणून ठेवला.

भावाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर आमच्याकडं आला. विहाराबाहेर चपलांजवळ बसून राहिला, जेवायला उठेना. मी पाणी घेऊन गेले. खरं तर मला त्याला हाकलायचं होतं.

"ताई, लोकं म्हणतात तू मांगं काहून नाई पाह्यलं," तो म्हणाला. "मी मांगं कसा पाहू? मी पुढं पाहून राह्यलो होतो. माह्या पुढं एक ट्रॅक्टर गेला, म्हणून मी घातली."

"आणि ट्रॅक्टरवाला कोणाच्या भरवशावर गेला?"

त्यानं पाण्याचा गिलास खाली ठेवला. "त्याले घरी जायचं होतं," तो म्हणाला.

मला त्याचा राग येईना, आणि राग येत नाही याचाच मला जास्त संताप आला. मेंढरांसारखे आम्ही सगळे एकामागं एक, आणि सगळ्यात पुढं एक माणूस, ज्याला फक्त घरी जायचं होतं. याला आम्ही शहाणपण म्हणत होतो.

योजना अजून तीच आहे. साहेबाची बदली झाली, फळा पुसला गेला, सवय राहिली. भावाच्या जागी अनसिंग गावचा एक ड्रायव्हर आला, नवं लग्न झालेला. परवाच्या पावसात फाट्यावरून त्याचा फोन आला. "ताई, दूध गेलं काय?"

मी डेअरीत नुकतंच विचारलं होतं. दूध गेलं होतं.

"नाही गेलं," मी म्हटलं. "थांब तिथंच."

तो दुपारभर फाट्यावर थांबला. संध्याकाळी माल तसाच घेऊन तणतणत ऑफिसात शिरला. चहाच्या टपरीवर त्याला कळलं होतं की दूध केव्हाच गेलं, पाणी चाकाच्या निम्म्याएवढंही नव्हतं. "मले खोटं काहून सांगतलं? दिवस वाया घालवला माहा! तिकडून दुकानदाराच्या शिव्या, इकडून तुमी! बोला ना आता!" त्यानं टेबलावर हात आपटला. शेठजी आतून बाहेर आले, माझ्याकडं बघितलं आणि परत आत गेले. त्यांनी दार ओढून घेतलं.

तो ओरडत होता, गळ्याच्या शिरा ताणून, टेबलावर वाकून. ओरडू दे, म्हटलं. ओरडायला तो परत आला होता.