लाल शाईची सही

चाकणच्या एका टूलरूममध्ये मी सत्तावीस वर्षं डाय फिटर आहे. पत्र्याला आकार देणाऱ्या डायचे दोन भाग एकमेकांवर नेमके बसवायचे, हे माझं काम. फुशारकी म्हणा हवं तर, पण माझ्या हातची डाय कधी तक्रार घेऊन परत आलेली नाही. आमच्याकडे एक नियम कडक पाळतात. ड्रॉइंगमध्ये चूक दिसली तरी फिटरने हात लावायचा नाही. ज्याने ते काढलं त्यानेच ओळ खोडायची, नवी लिहायची, खाली सही आणि तारीख टाकायची. या नियमापायी मी माझा उजवा डोळा घालवत होतो.

पत्रा दाबायचं नवीन प्रेस मशीन पाहून घ्यायला कंपनीने मला जर्मनीला पाठवलं होतं. तिथे त्या डोळ्याच्या आतला पडदा सुटला. ऑपरेशन झालं, उत्तम झालं. डोळ्यात भरलेला गॅस विरेपर्यंत विमानात बसायची बंदी, म्हणून काही आठवडे तिथेच काढले आणि एक कागद घेऊन निगडीला घरी आलो. त्यावर होतं: हे थेंब दिवसातून सहा वेळा, पुढच्या तपासणीपर्यंत.

बायको महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिने मला लगेच इथल्या डॉक्टर बाईंकडे नेलं. त्यांनी डोळ्याचं प्रेशर मोजलं. "याच थेंबांनी वाढलंय. काही जणांना होतं तसं. हे कमी करत बंद करा, हे दुसरे सुरू करा."

मी मान डोलावली. दुसरे सुरू केले, पण पहिलेही सहा वेळा चालूच ठेवले. कागद जर्मनीचा, तर बदलही जर्मनीनेच करायला हवा ना! तिकडे मेल टाकली. उत्तर आलं, डॉक्टर सुट्टीवर आहेत. कपाळ ठणकायचं, रस्त्यावरच्या दिव्यांभोवती रंगीत कडी दिसायची, तरी एक थेंब चुकवला नाही. स्वतःच्या शिस्तीचा केवढा गर्व होता मला.

पुढच्या खेपेला प्रेशर आणखी वर. "पहिले थेंब बंद केलेत ना?" बाईंनी विचारलं. मी खिशातला जर्मनीचा कागद चाचपू लागलो.

"अहो, त्या विचारतायत," बायको म्हणाली.

"तिकडून मेल यायचीय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, असंच चाललं तर मागची नस सुकेल. मग मीही काही करू शकणार नाही आणि जर्मनीही."

डोळा गेलेल्या फिटरला स्टोअरमध्ये खुर्ची देतात, डाय देत नाहीत.

घरी येताच बायकोने वह्या तपासायचं लाल पेन काढलं. जर्मनीच्या कागदावरची सहा वेळांची ओळ एका रेघेत खोडली, बाईंनी सांगितलेलं वर लिहिलं आणि खाली ठसठशीत सही ठोकली. "सही लागते ना तुम्हाला? ही घ्या. आणि आजपासून थेंब मी घालणार."

तारीख राहिली होती. माझ्या लक्षात आलं, पण जन्मात पहिल्यांदा मी तोंड मिटून बसलो.

प्रेशर हळूहळू उतरलं. नजरेची एक कड गेली ती गेलीच. कामावर परतल्यावर पहिली डाय जुळवायला दुप्पट वेळ लागला, पण जुळवली.

खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा असते, घरच्यांनाही बोलावतात. मी बायकोला थेट ड्रॉइंगच्या कपाटाशी नेलं. चालू ड्रॉइंगच्या फाइलीत तो कागद प्लास्टिकमध्ये लावून ठेवला होता. सगळी मंडळी जमली. "ही दुरुस्ती आमच्या मॅडमची," मी सांगितलं. "माझा डोळा या दुरुस्तीवरच चाललाय. फक्त तारीख राहिलीय."

ती लाजली, पण शेवटी मास्तरीणच. "खरंच राहिलीय? चांगला डोळा झाका आणि वाचून दाखवा."

मी डाव्या डोळ्यावर तळवा धरला. लाल अक्षरं आधी हलली, मग थांबली. तिचं नाव वाचलं, मधलं माझं वाचलं, आडनाव वाचलं. पुढे कोरी जागा. "तारीख नाही," मी म्हणालो.

तिने कागद प्लास्टिकमधून बाहेर घेतला, पर्समधून पेन काढलं आणि आजची तारीख घातली.

"वहिनी, सही केली त्या दिवशीची टाका की," एक जण म्हणाला.

"त्या दिवशी खात्री कुठं होती, भाऊ?" ती म्हणाली.