तिच्याकडे नसलेलं मूळ

"आदी वास घे, मगे नाव इचार," म्हणत ती धनगरीण पान चुरगळून समोरच्याच्या नाकाशी धरायची. माझ्याही नाकाशी धरलं होतं. मी तेव्हा कणकवली डेपोत कंडक्टर होतो. घाटाच्या पायथ्याच्या गावाला जाणारी गाडी माझ्याकडे असायची. तिचा धनगरवाडा त्या गावाच्याही वर, डोंगरात. बाजाराच्या दिवशी ती पाटी घेऊन खाली उतरायची. पाटीत ज्याचा मोसम असेल ते: शेवळं, कुड्याच्या शेंगा, गुळवेल, कसल्या कसल्या साली.

सीटवर ती कधी बसली नाही. पाटीला धरून खालीच बसायची. मी दिलेलं तिकीटही आधी नाकाशी न्यायची, मग कमरेला खोचायची. ड्रायव्हरला खोकला झाला की अडुळसा यायचा. उभं राहून माझे गुडघे धरायचे, तर तिनं न मागता निगडीचा, म्हणजे निर्गुडीचा, पाला आणून दिला आणि शेकून बांधायला सांगितलं. पुढच्या बाजाराला विचारलं, "बांदलंस काय रे?" मी हसून टाळलं. तेव्हापासून पाला माझ्या हाती देताना तो शेकून बांधायचा निरोप मात्र माझ्या बायकोसाठी असायचा.

एका वर्षी भातकापणीच्या दिवसांत शेवटच्या स्टॉपवर गाडी उभी होती. दुपारच्या वेळी शेताकडून आरडाओरडा ऐकू आला. एका घरची नवी सून कापणीत होती, तिला साप चावला होता. चौघांनी तिला उचलून आणलं, पण गाडीकडे नाही. ते थेट स्टॉपजवळ पाटी घेऊन बसलेल्या धनगरणीकडे गेले. सासूनं तिचे पाय धरले, मूळ दे म्हणाली. डोंगरातल्या बाईकडे सापाचं मूळ असणारच, अशी सगळ्यांची खात्री.

ती उठली. पाटीला हातसुद्धा लावला नाही.

"ह्या इखाक माझ्याकडे मूळ नाय," ती म्हणाली. "पोरीक गाडयेत घाला."

लोक ऐकेनात. कोणी म्हणालं, लपवते आहे. तेव्हा तिनं स्वतःच त्या सुनेला काखेत हात घालून उचललं आणि पायरीवर आणलं. मग माणसांनीही हात लावला. गाडी सुटायची वेळ झाली नव्हती. मी डबल बेल दिली. ड्रायव्हरनं वाटेतल्या एकाही थांब्यावर ब्रेक लावला नाही. सबंध रस्ताभर ती सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. झोपू नको, माझ्याशी बोल, असं सांगत तिला तिच्या माहेरच्या झाडांची नावं विचारत होती.

सून वाचली. दवाखान्याच्या ओट्यावर धनगरीण माझ्या शेजारी बसली होती. मी काही विचारलं नव्हतं.

"माझ्या घोवाक चावलेलो," ती नवऱ्याबद्दल म्हणाली. "मी मूळ उगाळून दिलंय. सकाळपर्यंत आमी वाट बघलंव."

मी तिच्यासाठी चहा आणला. तो तिनं वास न घेता प्यायला.

गावात मात्र उलटंच झालं. मूळ होतं, पण दिलं नाही, असं लोक म्हणू लागले. औषधाला येणारे कमी झाले. कित्येक बाजार तिच्या पाटीत नुसती भाजीच असायची. तिनं कुणाला समजावलं नाही. पुढच्या पावसाळ्याआधी ती सून बाळंत झाली आणि घरच्यांना म्हणाली, मला लेप लावायला तीच हवी. सासूला डोंगर चढून बोलवायला जावं लागलं. ती आली आणि महिनाभर त्यांच्याच पडवीत राहिली. निघाली तेव्हा सासूनं तिची पाटी स्वतः डोक्यावर घेतली आणि स्टॉपपर्यंत आणून दिली. मी गाडीच्या दारातून पाहत होतो.

काही वर्षांनी एका पावसाळ्यात धनगरीण गेली. मला गणपतीनंतर कळलं. सुट्टीच्या दिवशी पहिल्यांदाच धनगरवाड्यावर चढून गेलो. मला वाटलं होतं, घराभोवती तिची झाडं असतील. अंगणात एकही नव्हतं. तिच्या लेकीनं सांगितलं, आयेनं कधी काही लावलं नाही, तिचं सगळं रानातच. लेकीला त्यातलं थोडं कळत होतं, थोडंच.

घरामागून रानात जाणारी एक पायवाट लेकीनं दाखवली. आईच्या इतक्या वर्षांच्या चालण्यानं ती खोल गेली होती. दोन्ही बाजूंचं गवत तिच्यावर वाकलं होतं, पण मधली माती अजून उघडी होती.