दुपारी झोप येईल असं घर

रविवार, दुपारचे अडीच. बोरिवली पूर्व, शेवटचा मजला, रिकामा फ्लॅट. हजर: ताई, मी, एजंट आणि ताईंची चटई.

माझ्या वहीत असंच लिहिलेलं आहे. चटईचं नाव मी गमतीने घातलं होतं, नंतर खोडावंसं वाटलं नाही. ताईंनी दारात चपला काढल्या, हॉलच्या मधोमध चटई पसरली, पर्स उशाला घेतली आणि एजंटला म्हणाल्या, "वीस मिनिटं द्या मला. तोवर कुणी बोलायचं नाही."

एजंट घाबरून माझ्याकडे वळला. "मॅडम, बरं वाटत नाहीये का त्यांना?"

"घर बघतायत," मी म्हटलं.

ताई अंधेरीच्या आमच्या ऑफिसात आवक-जावक सांभाळायच्या. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. नोकरीसाठी अकोल्याहून एकट्या आल्या, आधी वसतिगृहात राहिल्या, मग कुणाच्या घरातल्या एका खोलीत, मग भाड्याच्या घरांत. निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा घर घ्यावं की भाड्यानेच राहावं, हा प्रश्न समोर आला. फंडाचे सगळे पैसे त्यात जाणार होते. बरोबर कुणीतरी हवं होतं. मी याद्या करते हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून मी.

माझ्या यादीत एकतीस प्रश्न होते. चटईक्षेत्र किती, पाणी किती वेळ, पावसाळ्यात कुठली भिंत ओली होते, सोसायटी नोंदलेली आहे का. ताईंचा प्रश्न एकच: इथे दुपारी झोप लागते का?

"अगं, अकरा महिन्यांचा करार असला ना, की माणूस एका कानाने झोपतो," रिक्षात त्या मला समजावत होत्या. "दुसरा कान दाराकडे. बेल वाजली की वाटतं, आला मालक."

बोरिवलीत त्यांना झोप लागली नाही. लिफ्टचं मशीन बरोबर डोक्यावर घुमत होतं. माझ्या यादीत लिफ्टपुढे मी बरोबरची खूण केली होती.

घाटकोपरला भलतंच झालं. भिंतीला टेकून उभा असलेला एजंट खाली बसला आणि तोंड उघडं टाकून घोरायला लागला. ताई उठून बसल्या, माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "यालाच विकून टाकूया हा फ्लॅट. मला काही झोप लागत नाही."

तुम्ही कधी रिकाम्या घरात दुपारी गप्प बसला आहात? मी तोवर बसले नव्हते. फर्निचर नाही, पंखा नाही, कुणाचं कॅलेंडर नाही. खिडकीतून आलेला उन्हाचा चौकोन लादीवरून सरकत असतो आणि तो सरकताना दिसतो. खालच्या मजल्यावर कुणीतरी डाळीला फोडणी देतं. आपण कुणाच्या घरात आहोत, हेच जरा वेळाने कळेनासं होतं. मी खिडकीच्या कट्ट्यावर यादी मांडीवर घेऊन बसायची आणि पेन्सिल हातात तशीच राहायची.

मुलुंडला सातव्या मजल्यावर, खिडकीत डोंगर होता. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. एजंट घड्याळ दाखवायला लागला. मी त्याला चहा प्यायला खाली पाठवलं. पर्सचा पट्टा ताई आडव्या पडल्यावरही मुठीत धरतात, तो कधीतरी सुटला. तळहात वर करून त्या लहान मुलीसारख्या झोपल्या होत्या. दीड तासाने डोळे उघडले, छताकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "आज सुट्टी आहे का गं?"

तोवर मी खाली सोसायटीच्या माणसाला गाठून यादी पूर्ण केली होती. इमारत राहायला योग्य असल्याचं महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र आलेलं नव्हतं. लोक राहत होते, पण पाणी टँकरचं.

"येईल हो, फाईल वर गेलीये," एजंट म्हणाला. "उद्या टोकन द्या, दुसरी पार्टी थांबलीये."

परतताना ताईंनी विचारलं, "तू काय करशील?"

"मी नाही घेणार."

"बरं," म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "झोप मात्र झकास लागली हं."

त्यानंतर त्यांनी एकही घर पाहिलं नाही. निवृत्त झाल्या, मालकाने करार वाढवला नाही आणि त्या अकोल्याला भावाकडे गेल्या. सामान मी बांधलं, सोळा खोके, नंबर घालून. "माझीपण यादी केलीस तू," म्हणून हसल्या.

पुढल्या वर्षी त्या इमारतीला प्रमाणपत्र मिळालं. त्याच एजंटने फोन करून कळवलं. "बोललो होतो ना मॅडम!"

माझं चुकलं असं मला वाटत नाही. आज कुणी विचारलं तरी हेच सांगेन, की त्या कागदाशिवाय आयुष्याची पुंजी घालू नका. पण त्या दीड तासाची नोंद मी एकतीसपैकी कुठल्याच रकान्यात केली नव्हती.

भावाकडे सगळे ताईंना जपतात. फक्त दुपारी हॉलमध्ये भाचेसून शिकवण्या घेते. "मग मी गच्चीच्या जिन्यात बसते," त्या फोनवर म्हणाल्या. "हवा असते गं तिथे." मग जरा थांबून, "मुलुंडला कधी गेलीस तर बघून ये ना, त्या घरात कोण राहतं. दुपारचं असतं का कुणी घरात?"

मी घाटकोपरला राहते. रिक्षाने अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. दर फोनला त्या विचारतात, "गेली होतीस?" आणि मी म्हणते, "जाते, ताई."

या रविवारच्या पानावर चार कामं होती. दळण आणलं, गॅसवाल्याला फोन केला, आईच्या गोळ्या आणल्या. मुलुंड राहिलं आहे.